स्वतः शोधलात की दाखवला?

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका छोट्या सभागृहात बोर्निओच्या सहलीचे फोटो दाखवण्याचा कार्यक्रम झाला. चाळीसेक माणसं, तीन पंखे, त्यातला एक बंद. पडद्यावर व्हाइटहेडचा ट्रोगॉन आला तेव्हा मागच्या रांगेतूनही ‘आहाहा’ ऐकू आलं. आपल्या सह्याद्रीतल्या कर्णा पक्ष्याचा हा दूरचा भाऊबंद. डोकं लाल, गळा काळा, छाती राखाडी आणि त्याखाली पोटभर पुन्हा लाल. फोटो काढणारा तरुण कौतुक झेलत उभा होता, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ पक्षीनिरीक्षकांनी विचारलं, “स्वतः शोधलात की गाइडने दाखवला?” तरुण ओशाळला. “गाइड होता,” म्हणाला. आजोबांनी नुसती मान हलवली, पण त्या हलवण्यात दहावीच्या पेपरला कॉपी पकडल्याचा आनंद होता. पुढचा अर्धा तास पक्षी पडद्यावर ताटकळले आणि सभागृहात दोन तट पडले.

एका तटाचं म्हणणं, गाइड घेऊन पक्षी बघणं म्हणजे पुस्तकाच्या शेवटची उत्तरं बघून गणित सोडवणं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, विमानाच्या तिकिटाला एवढे पैसे मोजायचे आणि गाइडपाशी काटकसर करायची, म्हणजे हत्ती गेला नि शेपटाशी अडलो. दोघेही तावातावाने बोलले आणि दोघेही स्वतःबद्दलच बोलले. माझा आनंद, माझी यादी, माझे चार दिवस, माझे पैसे. ज्याच्यावर एवढं रामायण झालं तो पक्षी, ज्यावर तो राहतो तो डोंगर आणि ज्याने तो दाखवला तो माणूस, या तिघांची बाजू कोणी मांडली नाही. माझं म्हणणं असं आहे : जिथे वाटा आखलेल्या आहेत तिथे गाइडची सक्ती नको, आणि नवख्या माणसाने अशा ठिकाणी पहिला दिवस तरी गाइड घेऊच नये. त्यानंतर मात्र जरूर घ्यावा. तो त्या डोंगराच्या पायथ्याचा असावा आणि त्याला पैसे द्यायचे ते दिवसाचे, पक्ष्यांचे नव्हेत. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमका तिच्याबद्दल त्या संध्याकाळी कोणी चकार शब्द काढला नाही.

वाद ज्या डोंगरावरून पेटला तो किनाबालू या प्रश्नासाठी मुद्दाम घडवल्यासारखा आहे. मलेशियातल्या साबा राज्यातला ४,०९५ मीटर उंचीचा हा डोंगर १९६४ पासून राखीव उद्यान आहे आणि २००० साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. उद्यानाचं मुख्यालय साधारण दीड हजार मीटरवर. तिथून डांबरी रस्ता वळणं घेत टिंपोहोन फाटकापर्यंत चढतो, आणि आजूबाजूच्या रानात सिलाउ-सिलाउ, लिवागू, बुकित उलार अशा आखलेल्या पायवाटा आहेत. इथवर प्रवेशाचं तिकीट काढलं की तुम्ही तुमचे. पहाटे स्वेटर घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून खुशाल एकटे हिंडा. फाटकाच्या वर मात्र शिखराची वाट सुरू होते आणि तिथे परवाना आणि परवानाधारक वाटाड्या यांच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. एकाच डोंगरावर खाली मोकळीक, वर सक्ती. शिवाय पक्षीही उंचीप्रमाणे वाटून घेतलेले. खालच्या ओक-चेस्टनटच्या शेवाळलेल्या जंगलात ट्रोगॉन, तांबट, टकाचोर. वर, झाडं बुटकी होऊन ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांपर्यंत येतात तिथे माउंटन ब्लॅकआय नावाचा एक चष्मेवाला भेटतो, ज्याच्या डोळ्याभोवती पांढऱ्याऐवजी काळं आहे, म्हणजे चष्मा काढून काजळ घातल्यासारखा. वरचे काही पक्षी उत्तर बोर्निओच्या मोजक्या शिखरांपलीकडे जगात कुठेही नाहीत. त्यामुळे ‘गाइड हवा की नको’ हा प्रश्न किनाबालूवर विचारला तर आधी विचारावं लागतं, फाटकाच्या खाली की वर?

आता आजोबांची बाजू. ती हसण्यावारी नेण्यासारखी अजिबात नाही. स्वतः शोधलेला पक्षी लक्षात राहतो, दाखवलेला फोटोत राहतो, हे ज्याने दोन्ही केलंय त्याला सांगावं लागत नाही. आपल्याकडे तर याचा थोर दाखला आहे. १९३० साली सलीम अली नोकरी नसलेल्या अवस्थेत अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. तिथे ठाण मांडून त्यांनी दिवसेंदिवस त्या घरट्यांकडे पाहिलं आणि नर घरटी अर्धी बांधून मादीची पसंती मिळेपर्यंत थांबतो, एक जोडणी झाली की पुढचं घरटं बांधायला घेतो, हा सगळा संसार उलगडला. कुठला गाइड हे दाखवू शकला असता? सुगरण तर कोकणातल्या पोरासोरांना माहीत होती. पाहायची राहिली होती.

पण या दाखल्यात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. किहीमला सलीम अलींकडे महिनेच्या महिने होते. किनाबालूला जाणाऱ्या आपल्या माणसाकडे चार दिवस असतात, त्यातल्या दोन दुपारी धुक्यात आणि एक पोट बिघडण्यात जाते. बसून पाहण्याने पक्षी कळतो हे खरं, पण त्यासाठी बसायला मिळावं लागतं. ‘मी एकट्याने शोधलं’ हे चार दिवसांच्या पाहुण्याने म्हणायचं असेल तर त्याने आधी खिसा रिकामा करून दाखवावा. कारण हल्ली त्या खिशात मोबाइल असतो, मोबाइलमध्ये आवाज ओळखणारं मर्लिन असतं, आणि जगभरच्या पक्षीनोंदी जमवणाऱ्या ई-बर्डच्या नकाशावर ‘ट्रोगॉन, परवा सकाळी, अमुक वळणावर’ अशी टाचणी टोचलेली असते. ती टाचणी कोणी टोचली? बहुतेक वेळा आदल्या दिवशी गाइडबरोबर आलेल्या कोणीतरी. म्हणजे गाइड तुम्हीही घेतलात, फक्त त्याला पैसे दिले नाहीत आणि त्याला पाहावंही लागलं नाही. याला स्वावलंबन म्हणायचं असेल तर म्हणावं. मी त्याला उधारी म्हणतो.

आणि एकट्याने शोधण्याची जी परंपरा आपण छातीवर मिरवतो ती तरी कुठे एकट्यांची आहे? १८५८ साली ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्काच्या बाचान बेटावर होता. त्याचा अली नावाचा सारावाकचा मलय मदतनीस एक दिवस कमरेला पक्षी लटकवून परतला आणि म्हणाला, बघा तरी काय विचित्र पक्षी आहे. छातीवर हिरव्या लखलखत्या पिसांचे दोन झुपके, आणि दोन्ही खांद्यांतून दोन-दोन लांब पांढरी पिसं ताठ उभी. वॉलेसला ते काय आहे कळेना. तेव्हा अलीनेच खात्री दिली की पंख फडफडवताना पक्षी स्वतःच ती पिसं अशी उभारतो, मी हात लावलेला नाही. म्हणजे पक्षी मिळवला अलीने, त्याचं वागणं पाहिलं अलीने, सांगितलं अलीने. पक्ष्याच्या शास्त्रीय नावात मात्र वॉलेस बसला. वॉलेस प्रामाणिक होता, त्याने हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं. न लिहिणारे किती असतील?

किनाबालूचंही तेच. १८५१ साली ह्यू लो हा ब्रिटिश अधिकारी वर गेला तो पायथ्याच्या दुसुन लोकांना बरोबर घेऊनच, आणि सर्वोच्च टोकाला त्याचं नाव मिळालं, जरी त्या टोकावर तो स्वतः पोचला नव्हता. १८८८ साली तिथे पोचला पक्ष्यांचे नमुने गोळा करणारा इंग्रज जॉन व्हाइटहेड. त्याने या डोंगरावरून नेलेल्या पक्ष्यांपैकी तिघांच्या इंग्रजी नावांत आज तो आहे. ट्रोगॉन, हिरवाकंच ब्रॉडबिल आणि एक स्पायडरहंटर. पक्षीनिरीक्षक त्यांना ‘व्हाइटहेडचं त्रिकूट’ म्हणतात आणि तिघे एका सहलीत मिळाले की पेढे वाटायचे बाकी ठेवतात. व्हाइटहेड महिनोन्महिने राहिला, तापाने फणफणला, त्याच्या चिकाटीला तोड नव्हती. पण ओझी कोणी वाहिली, वाटा कोणी दाखवल्या, कुठल्या ओढ्याला कुठला पक्षी उतरतो हे कोणाला आधीपासून ठाऊक होतं? सभागृहातला ‘स्वतः शोधलात का’ हा प्रश्न व्हाइटहेडला विचारला असता तर त्याचीही मान खाली गेली असती.

पक्ष्याला नाव देणं दुसऱ्या पद्धतीनेही होऊ शकतं. अरुणाचलच्या ईगलनेस्टमध्ये रमणा अत्रेय यांना लिओसिक्ला गटातला एक अनोळखी छोटा पक्षी दिसला. अत्रेय पेशाने खगोलशास्त्रज्ञ. २००६ साली त्यांनी ही नवी जात जाहीर केली तेव्हा संग्रहालयासाठी पक्षी मारला नाही, कारण इतक्या मोजक्या पक्ष्यांतला एक कमी करणं त्यांना पटलं नाही. फोटो, आवाजाची नोंद आणि पिसं यांवर काम भागवलं, आणि नाव दिलं ते तिथल्या बुगुन जमातीचं. तिथल्या बुगुन लोकांनी पुढे आपल्या जंगलाचा एक तुकडा स्वतःहून राखीव केला. नावात माणसं आली की जबाबदारीही येते, असा सरळ हिशेब मी मांडणार नाही, मधे बरीच वर्षं आणि बरेच लोक आहेत. पण व्हाइटहेडच्या त्रिकुटाशेजारी हा पक्षी ठेवून बघावा.

इथे आजोबा मला अडवू शकतात आणि त्यांनी अडवावंही. रानपिंगळ्याचं काय? १८८४ नंतर खरीखुरी नोंद नसलेला हा पिंगळा १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. त्यांना तिथवर नेलं ते संग्रहालयातल्या नमुन्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्यांनी. रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकारी-पक्षीसंग्राहकाने दुसऱ्याचा नमुना चोरून, त्यावर १९१४ चा गुजरातेतला खोटा पत्ता चिकटवून शोधणाऱ्यांना भलतीकडे धाडलं होतं. रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, माइनर्ट्झहेगनची चिठ्ठी बाद केली आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवला. म्हणजे कागद वाचणारी परकी माणसंही जे इतरांना शतकभर जमलं नाही ते करू शकतात. मान्य, पूर्ण मान्य. माझी एवढीच पुस्ती की ११३ वर्षं तो हरवला होता तो आपल्या नोंदवह्यांतून. शहाद्याच्या रानात सरपणाला जाणाऱ्या बाईला तो हरवल्याची खबर कोणी दिली नव्हती, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, कारण तिथली मंडळी एव्हाना खुशीत आली असतील. त्यांचेही मुद्दे भक्कम आहेत. उष्ण कटिबंधातल्या डोंगरावरचं रान आणि आपलं माळरान यांत फरक आहे. माळावर पक्षी दिसतो मग ऐकू येतो, तिथे ऐकू येतो आणि बहुतेकदा दिसतच नाही. ट्रोगॉन मधल्या फांदीवर अर्धा अर्धा तास ढिम्म बसतो. मिश्र थवा येतो तेव्हा तीन मिनिटांत पंधरा जाती डोक्यावरून वाहून जातात आणि आपण पहिल्याच पिवळ्या पोटाशी झटापट करत असतो. सुरक्षिततेचा मुद्दाही पुस्तकी नाही. ५ जून २०१५ रोजी किनाबालूला भूकंपाचा हादरा बसला, वरून शिळा कोसळल्या, १८ जण गेले. त्यांत पर्यटकांना घेऊन गेलेले वाटाडेही होते, आणि वाचलेल्यांना खाली आणलं तेही त्यांच्या गाववाल्यांनीच. तेव्हा फाटकाच्या वर वाटाड्या हवाच, याबद्दल मला वाद घालायचा नाही. सह्याद्री ओळखणाऱ्या मराठी माणसाने तर घालूच नये. १६६१ साली परक्या घाटात घुसलेल्या कारतलबखानाचं उंबरखिंडीत काय झालं हे आपण शाळेत टाळ्या वाजवत शिकलो आहोत.

तिसरा मुद्दा पोटाचा, आणि तो सगळ्यात बळकट. एक्वाडोरमध्ये मिंदोच्या बाजूला आंखेल पास नावाचा एक शेतकरी आहे. त्याच्या जमिनीवरच्या रानात जायंट अँटपिट्टा हा भलता लाजरा पक्षी राहतो, जो पाहायला लोक आयुष्यभर चिखल तुडवत. पासने त्याला गांडुळं घालून माणसाळवलं, ‘मारिया’ म्हणून हाक मारून बोलवायला लागला, आणि जगभरचे पक्षीनिरीक्षक पैसे देऊन त्याच्या रानात येऊ लागले. झाडं तोडून मिळालं असतं त्याहून जास्त उत्पन्न झाडं ठेवून मिळायला लागलं. जंगल उभं राहिलं. आमच्या शुद्धतावाद्यांना रानातल्या पक्ष्याला खाऊ घालणं आवडत नाही, मलाही आवडत नाही, पण त्या उभ्या जंगलापुढे माझी नावड मी गिळतो.

तरीही ‘मग गाइड सक्तीचाच करा’ या निष्कर्षावर उडी मारणाऱ्यांना मला थांबवायचंय. एक तर सक्तीने पहिला बळी जातो तो शिकाऊ पोराचा. मी पक्षी बघायला लागलो तो आंबोलीच्या घाटात, मामांकडून मागून आणलेली, एका डोळ्याचं भिंग धूसर झालेली दुर्बीण घेऊन, रस्त्याच्या कठड्यावर बसून. दरीतून शीळकरी कस्तुराची शीळ यायची, एखादा पोरगा वाटेने भटकत शीळ घालतोय अशी, आणि तो पक्षी आहे हे कळायला मला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मला कोणी वाचवून दिले असते तर मी त्याचे आभार मानले असते आणि पुढे क्रिकेटकडे वळलो असतो. त्या कठड्यावर बसायला दिवसाला हजार-दीड हजाराचा गाइड सक्तीचा असता तर वळावंच लागलं असतं. रोजगार द्यायचा म्हणून प्रत्येक पायवाटेवर माणूस लावून द्यायचा, तर मग त्या पायथ्याच्या गावातल्या मुलांनीही स्वतःच्याच डोंगरावर तिकीट आणि गाइड घेऊन जायचं का?

पण सक्तीपेक्षाही मोठी अडचण वेगळी आहे आणि ती मी स्वतः केलेल्या एका चुकीतून सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी, सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाकडे, मी एक गाइड घेतला. विशीतला, हुशार, कानाने पक्षी ओळखणारा मुलगा. दोन दिवसांत कर्णा मिळाला नव्हता आणि संध्याकाळची गाडी होती. त्याने दोनदा सांगितलं, आता विणीचा काळ आहे, स्पीकरवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज नको लावूया. मी म्हटलं, एकदाच. आणि वर, अगदी सहज म्हटल्यासारखं, “मिळाला तर वेगळे देईन.” त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खिशातून छोटा स्पीकर काढला. तिसऱ्या हाकेला नर आला. आमच्या डोक्यावरच्या वेलीवर बसला, शेपटी खालीवर करत, घसा ताणून ओरडत. स्पीकर बंद केला तरी तो जाईना. या फांदीवरून त्या फांदीवर, आपल्या हद्दीत शिरलेला दुसरा नर शोधत. मला फोटो मिळाले, चांगले मिळाले. निघताना मागे पाहिलं तर तो अजून तिथेच होता. त्या वीस मिनिटांत त्याने काही खाल्लं नव्हतं, आणि घरट्यावर असेल तर जोडीदारालाही मोकळं केलं नव्हतं. मुलाला मी ठरल्याप्रमाणे वेगळे पैसे दिले. त्याने ते न मोजता खिशात टाकले.

या प्रसंगात चूक कोणाची? गाइड घेतल्याची? की गाइडला नगावर मजुरी लावल्याची? पक्ष्यामागे बक्षिसी ठेवली की माणूस पक्षी हजर करतोच. मग स्पीकर येतो, अळ्या पसरून ठेवलेली लपणी येतात, बेडूकतोंड्या पक्ष्याची झोपलेली जोडी दिवसातून सहा गटांना दाखवली जाते, आणि जी फांदी फोटोत आड येते ती हळूच वाकवली जाते. हे सगळं बघून आजोबांचा तट म्हणतो, बघा, गाइडांनी जंगलाचं वाटोळं केलं. अहो, वाण्याच्या दुकानात यादी देऊन सामान मागावं तशी यादी देऊन पक्षी मागितले कोणी? ‘लायफर’, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेले पक्षी, किती झाले हे हॉटेलात मोठ्याने कोण विचारतं? ज्याला पुढच्या गिऱ्हाइकाची खात्री नाही त्याने आपल्यापुढे नाही कसं म्हणायचं? त्याला नाही म्हणता यावं अशी सोय करणं हे पैसे देणाऱ्याच्या हातात आहे. दिवसाचे पैसे आधी, पूर्ण, पक्षी दिसो न दिसो. आणि पहिल्याच चहाला स्पष्ट सांगायचं की स्पीकर लावायचा नाही, मी हट्ट केला तरी लावायचा नाही. हे दुसरं वाक्य जास्त उपयोगी पडतं, कारण तिसऱ्या दिवशी हट्ट आपणच करतो.

पायथ्याचाच माणूस का, तेही सांगायला हवं, कारण हल्ली पुण्या-मुंबईहून किंवा बंगळुरूहून आपलाच ‘लीडर’ घेऊन जायची पद्धत पडली आहे. जेवण आपलं, भाषा आपली, विनोद आपले. या लीडरांतले काही विलक्षण जाणकार आहेत, मी त्यांच्याकडून शिकलोय. पण तो त्या डोंगरावर वर्षातून दोनदा येतो. पायथ्याचा माणूस तिथे जन्मापासून आहे. कुठलं झाड यंदा उशिरा फळलं, कुठल्या ओढ्याकाठचा वटवट्या चार वर्षांपूर्वी इथे होता आणि आता शंभर मीटर वर सरकलाय, हे त्याला कळू शकतं आणि त्याला विचारणारा कोणी हवा. शिवाय जंगल राहिल्याने ज्याचं पोट भरायला हवं तो हाच. पासचं गणित मिंदोत जमलं कारण रान त्याच्या दाराशी होतं. पैसे कोथरूडला परत येणार असतील तर ते गणित जमत नाही.

मी स्वतः किनाबालूला गेलो तेव्हा ठरवून पहिला दिवस एकट्याने काढला. मर्लिन बंद ठेवलं. सिलाउ-सिलाउच्या ओढ्याकाठी सकाळी सहा ते अकरा चाललो, पाण्याच्या खळखळाटात निम्मे आवाज बुडाले. पाच तासांत अकरा जाती, त्यातल्या चार ओळखता आल्या नाहीत. एका वळणावर झाडाच्या मुळावर बसून डबा खाल्ला. धुकं उतरलं, सगळं राखाडी झालं, मी परतलो. वहीत चार प्रश्नचिन्हं आणि काही वेडेवाकडे आवाज लिहिलेले होते, ‘टुक्-टुक्-टुर्रर्र, ओढ्यापलीकडून, तीनदा’ असे.

दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या कुंडासांग गावचा एक दुसुन गाइड बरोबर होता. पन्नाशीचा, पायात स्वस्तातले रबरी बूट, दुर्बीण माझ्यापेक्षा जुनी. मी आधी वही दाखवली. त्याने माझे लिहिलेले आवाज माझ्याकडूनच काढून घेतले, खूप हसला, आणि त्यातला एक बरोबर ओळखून मला सोनेरी मानेचा तांबट दाखवला. प्रश्न घेऊन गेलं की गाइड शिक्षक होतो हे मला तिथे कळलं. यादी घेऊन गेलो असतो तर तो हमाल झाला असता. मग तो मला आदल्या दिवशीच्याच वळणावर घेऊन गेला, जिथे मी डबा खाल्ला होता. “तुंग्गू,” म्हणाला. थांब. मी खिशाकडे बोट करून स्पीकरची खूण केली. खरंच केली, सवय जात नाही. त्याने मान हलवली आणि झाडाखाली पडलेली अर्धवट कुरतडलेली फळं बुटाने दाखवली. वर कोण जेवतंय ते कळलं की बोलवायची गरज नाही, असं काहीसं मोडक्या इंग्रजीत म्हणाला. आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. जळू माझ्या मोज्यातून आत शिरली, तिला कळलं, मला नाही.

फळं खाणाऱ्यांत हिरवी कबुतरं आली, एक टकाचोर आला. ट्रोगॉन आला नाही. मग तो सहज मागे वळला आणि थबकला. आमच्या पाठीमागे, डोक्याच्या उंचीवर, वीसेक फुटांवर तो बसला होता. किती वेळ कोण जाणे. सगळी लाली पानांच्या सावलीत विझलेली, नुसता गळ्याखालचा काळा डाग आणि एक डोळा. आम्ही दोघांनीही तो शोधला नव्हता आणि दाखवलाही नव्हता. आजोबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही ते असं.

त्या दिवशी नवे पक्षी तीनच झाले. परत फिरताना टिंपोहोनच्या रस्त्यावर बोर्निअन कस्तूर शीळ घालत होता आणि मी गाइडला आमच्या आंबोलीच्या कस्तुराची शीळ वाजवून दाखवली. त्याने ती दोनदा म्हणायला लावली आणि आपल्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली. पैसे सकाळीच दिले होते. यंदा एक मित्र तिकडे जायचं म्हणतोय. त्याला मी गाइडचा नंबर दिलाय आणि सांगितलंय की पोचल्यावर फोन करू नकोस, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कर.